मोठं इंजिन बसेल हो, पण आधी गाडीला नेमकं काय झालंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, बारा वर्षं जुनी. चार माणसं बसली की चढावर ओढत नाही, ट्रकला ओव्हरटेक करताना छातीत धडधडतं. ओळखीच्या गॅरेजमध्ये दुसऱ्याच कंपनीच्या अपघातातल्या गाडीचं २ लिटरचं टर्बो (पंख्याने जास्त हवा दाबून भरणारं) इंजिन पडून आहे, स्वस्तात मिळतंय, आणि गॅरेजवाला म्हणतोय, "बसवून देतो." तर बसवावं का?

इंजिन उतरवणं, बांधणं, पुन्हा चढवणं हे काम मी बावीस वर्षं करतोय. बसेल का, एवढंच विचारलंत तर बसेल. वेल्डिंग, कटर आणि हातात वेळ असला की बॉनेटखाली जवळजवळ काहीही बसवता येतं. पण बसलेलं इंजिन आणि रोज सकाळी किल्ली फिरवली की निमूटपणे कामाला जाणारी गाडी, यांत फार अंतर आहे. तुमच्याकडे ही एकच गाडी आहे आणि घरची माणसं तिच्यातून फिरतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"गाडी ओढत नाही" ही तुमची तक्रार. मोठं इंजिन हे त्यावरचं औषध तुम्ही स्वतःच ठरवून टाकलंत. मधली तपासणी राहून गेलीय. बारा वर्षांच्या गाडीत ताकद हळूहळू गळत जाते आणि रोज चालवणाऱ्याला ते कळतही नाही. एकदा एक गृहस्थ मोठं इंजिन टाकायचंच असं ठरवून माझ्याकडे आले होते. गाडी चालवून पाहिली, तर इंजिनाच्या कमी फेऱ्यांना (आरपीएम) ठीक, पण मिनिटाला ३,००० च्या वर कोणी गळा दाबल्यासारखी व्हायची. सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून अर्धा बंद झाला होता. स्पार्क प्लगला वीज पुरवणारी एक कॉइल अधूनमधून मिस करत होती, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटत होतं. कॉइल बदलली, कन्व्हर्टर बदलला आणि गाडी पळायला लागली. इंजिनाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तर आधी एवढं करून घ्या. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, तपासा: इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी दमदार. निरोगी पेट्रोल इंजिनाचा आकडा साधारण १० ते १३ बारच्या मधे येतो, पण मी एकेका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बघतो. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या आकड्यात १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर इंजिन आजारी आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघायचं. मग क्लच. वरच्या गिअरमध्ये सावकाश चालताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या चढतात पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. थोडं चालवून उतरल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं लागलं तर त्याचा ब्रेक चिकटतोय. आणि टायरचा साइज मूळचाच आहे ना ते बघा. टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला की सगळेच गिअर ५ टक्क्यांनी लांब होतात आणि चढावर त्याचीच किंमत मोजावी लागते.

अजून एक गोष्ट. ही मनाला लावून घेऊ नका, चांगल्या अनुभवी चालकांचीही ही सवय असते. ओव्हरटेक तुम्ही कोणत्या गिअरमध्ये करता? छोट्या इंजिनाची ताकद फेऱ्यांमध्ये असते. टॉर्कला, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. तुमच्यासारखं इंजिन साधारण ११० न्यूटन मीटर देतं असं धरू. पाचव्या गिअरमध्ये २,४०० फेऱ्यांवर त्याच्याकडे २८ किलोवॅटच्या आसपास ताकद असते. त्याच वेगाला तिसऱ्यात टाका, फेऱ्या ४,००० वर जातील आणि तेच इंजिन ४६ किलोवॅट देईल. एव्हरेजच्या काळजीने किंवा आवाज वाढतो म्हणून लोक पाचवा सोडत नाहीत आणि दोष इंजिनाला देतात. निरोगी इंजिन लाल रेषेच्या खाली कितीही फिरवलंत तरी त्याला काही होत नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

एवढं करूनही गाडी तुम्हाला कमीच पडते असं म्हणू. मग पुढचं सगळं कोणतं इंजिन घालणार यावर अवलंबून आहे. तुमच्याच मॉडेलमध्ये कंपनीने मोठं इंजिन दिलेलं असेल, समजा १.६, तर काम सगळ्यांत सोपं. माउंटिंगच्या जागा, शाफ्ट, रेडिएटर, वायरिंग, सगळं कंपनीने आधीच जुळवून ठेवलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे ते पार्ट नंबरने विकत मिळतं. त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं, पण दुसऱ्या मॉडेलचं इंजिन असेल तर काम मध्यम अवघड. दुसऱ्या कंपनीचं टर्बो इंजिन हे सगळ्यांत अवघड टोक. तुमच्या गॅरेजमध्ये पडलंय ते नेमकं हेच.

जागेपासून सुरुवात करू. १९६४ मध्ये सनबीम टायगर नावाची ब्रिटिश गाडी आली. सनबीम अल्पाइन या चार सिलिंडरच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ घातलं होतं, तेही खुद्द कारखान्याने. त्यासाठी स्टिअरिंगची मूळ यंत्रणा काढून रॅक अँड पिनियन लावावी लागली. मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत बॉनेटमधून हात पोचत नव्हता, म्हणून फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला, भोक पाडून रबरी बूच लावलं, म्हणजे तो प्लग गाडीच्या आतून बदलायचा. इंजिन फार तापतं ही त्या गाडीची तक्रार शेवटपर्यंत राहिली. कारखान्याकडे ड्रॉइंग होती, इंजिनिअर होते, तरी ही गत. चार भिंतींच्या गॅरेजमध्ये हेच प्रश्न वेगळ्या रूपात येतात. ऑइल चेंबर खालच्या क्रॉस मेंबरला घासतो, धूर बाहेर नेणारं तापलेलं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला चिकटून त्यातलं फ्लुइड तापवतं, शाफ्टचा कोन वाकडा झाल्याने जॉइंट काही महिन्यांत वाजायला लागतात.

जागा मिळाली की ताकद चाकांपर्यंत कशी जाते ते बघायचं. इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये साधारण ३.५ ने आणि फायनल ड्राइव्हमध्ये (गिअरनंतरच्या शेवटच्या दातांच्या जोडीत) ४.१ ने वाढतो असं धरा. तुमच्या ११० चे ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूला १,५८० न्यूटन मीटर होतात. त्या टर्बो इंजिनाचे २५० न्यूटन मीटर धरले की तेच जवळपास ३,६०० वर जातात. तुमचा गिअरबॉक्स, त्यातले दात, डिफरन्शियल आणि शाफ्ट पहिल्या आकड्याच्या हिशेबाने बनवलेले आहेत. थोडी राखीव ताकद ठेवलेली असते, पण दुपटीहून जास्त नाही. क्लच आधी जातो, आणि जाऊ दे, तो स्वस्तातला भाग आहे. क्लच दणकट टाकलात की झटका पुढे सरकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. म्हणून मोठं इंजिन घ्यायचं तर त्याच्याच गिअरबॉक्ससकट घ्यायचं. मग शाफ्ट बनवून घ्यावे लागतात, गिअर लिव्हरच्या केबल जुळवाव्या लागतात, आणि हे गाडं असंच पुढे सरकत राहतं.

ब्रेकबद्दल मी थोडा हट्टी आहे. मोठ्या इंजिनाची चौकशी करणाऱ्यांपैकी ब्रेकचं आपण होऊन विचारणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. १,१०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायला ब्रेकना सुमारे ४२४ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ताशी १३० वरून थांबवायची तर ७१७. वेग ३० टक्क्यांनी वाढला, ब्रेकचं काम ६९ टक्क्यांनी. तुम्ही म्हणाल, मी १३० ने चालवणारच नाही. पण ताकद असली की दोन वळणांच्या मधल्या पट्ट्यात गाडी आधीपेक्षा वेगात पोचते आणि दर वळणाआधी ब्रेकना जास्त राबावं लागतं. उतारावर दहाव्या वळणाला पेडल मऊ पडतं ते यामुळे. १९६१ मध्ये मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीची कूपर आवृत्ती आली तेव्हा इंजिन ८४८ वरून ९९७ सीसी केलं, ताकद ३४ वरून ५५ हॉर्सपॉवरवर गेली, आणि त्याच गाडीत पुढे डिस्क ब्रेक दिले. एकवीस हॉर्सपॉवर वाढवताना त्यांना ब्रेक बदलावेसे वाटले. तुम्ही तर त्याच्या कितीतरी पट वाढवायला निघालात.

ब्रेकचीच आणखी एक बारीक बाब आहे, ती बऱ्याचदा फिटरच्याही लक्षात येत नाही. साध्या पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधून, मिळतो. टर्बो दाब देत असताना तिथे व्हॅक्यूम नसतो, म्हणून बूस्टरच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह नीट हवा, आणि बऱ्याच टर्बो इंजिनांना वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तो पंप न लावता इंजिन चढवलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. पहिल्यांदा ब्रेक छान लागायचा. लागोपाठ तिसऱ्यांदा दाबला की पेडल दगडासारखं. मालक दोन महिने तशीच चालवत होता. ती गाडी मी त्यांना परत नेऊ दिली नाही, पंप लावूनच सोडली.

वजनाचं आणि उष्णतेचं थोडक्यात सांगतो. तुमच्या छोट्या इंजिनाच्या जागी २ लिटरचं टर्बो, त्याचा गिअरबॉक्स आणि टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला की पुढच्या चाकांवर पन्नासेक किलो सहज वाढतात. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर कमी, बिडाचा असेल तर जास्त. पुढचं नाक खाली बसतं, हेडलाइटचा झोत जवळच रस्त्यावर पडतो आणि गाडी वळणात सरळ जायला बघते. त्यामुळे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलणं आलंच. रेडिएटरचा हिशेबही तसाच: पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. जास्त ताकद म्हणजे जास्त पेट्रोल, म्हणजे जास्त उष्णता, आणि तुमच्या गाडीच्या पुढच्या जाळीचा आकार तेवढाच राहणार.

आता ज्यापायी निम्मी कामं अर्धवट पडतात ती गोष्ट, वायरिंग. पूर्वी इंजिनाला पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची केबल आणि दोन-चार वायरी जोडल्या की ते सुरू व्हायचं. आता इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गाडीतल्या बाकीच्या कॉम्प्युटरांशी सतत बोलत असतो. किल्लीतली चिप ओळखली नाही तर इमोबिलायझर इंजिन सुरूच होऊ देत नाही. एबीएसकडून (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून) चाकांचा वेग आला नाही तर ईसीयू ताकद कमी करून ठेवतो. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू असल्याचा निरोप मिळाल्याशिवाय इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जागं होत नाही. एसी, पंखा, मीटरमधला तापमानाचा काटा, सगळ्यांचं तसंच. एका कंपनीच्या ईसीयूची भाषा दुसऱ्या कंपनीच्या मीटरला कळत नाही. माझ्याच एका कामात इंजिन नऊ दिवसांत बसलं आणि पुढचे चार महिने वायरिंगमध्ये गेले. तेव्हा मालकाला मी "महिनाभरात देतो" असं सांगितलं होतं. तो अंदाज माझा चुकला. त्या माणसाने चार महिने बसने ये-जा केली, आणि त्याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर मी तारीखच देत नाही.

म्हणून मी नेहमी सांगतो, सुटं इंजिन घेऊ नका, अख्खी गाडी घ्या. मागून ठोकलेली, पण इंजिन सुरू होणारी गाडी मिळाली तर उत्तम. तिच्यातून इंजिन, गिअरबॉक्स, पूर्ण हार्नेस (वायरींची जुडी), ईसीयू, किल्ली आणि तिचं इमोबिलायझर, ॲक्सिलरेटर पेडल, टाकीतला पंप, रेडिएटर, ब्रेक, सगळं एकाच माळेतलं मिळतं. शिवाय उतरवण्याआधी ते चालताना ऐकता येतं, कॉम्प्रेशन मोजता येतं. गॅरेजमध्ये पडलेल्या तुमच्या त्या इंजिनाचं काय? अपघात पुढून झाला असेल आणि रेडिएटर फुटल्यावरही इंजिन काही वेळ चाललं असेल तर हेड वाकलेलं असू शकतं. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला का? आत-बाहेर सरकत असेल किंवा पंखा घराला घासत असेल तर टर्बो गेला. ऑइलचं झाकण उघडून आत काळा चिकट गाळ दिसतोय का? इनटेक किती दिवस उघडा पडलाय, आत पाणी गेलं का? यांची उत्तरं मिळेपर्यंत ते इंजिन स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही.

कागदपत्रांचं दोन वाक्यांत. बहुतेक देशांत इंजिनाचा क्रमांक किंवा प्रकार नोंदणीत लिहिलेला असतो आणि बदल केला तर परवानगी किंवा तपासणी लागते, म्हणून काम सुरू करण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या. विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललं आणि नंतर अपघात झाला, तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं, आणि समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते.

खर्चाचा माझा ढोबळ अंदाज असा: इंजिनाची किंमत एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. उरलेला दोन तृतीयांश क्लच, शाफ्ट, माउंटिंग, कूलिंग, ब्रेक, वायरिंग आणि मजुरीत जातो. काम ठरवताना गॅरेजवाला बहुतेक वेळा पहिल्या हिश्श्याबद्दलच बोलतो, कारण उरलेलं त्यालाही आधी दिसत नसतं. आणि गाडी विकायला काढली तर यातला फार थोडा पैसा परत येतो. बदल केलेली गाडी घेताना माणूस दहा वेळा विचार करतो.

मी कोणालाच हो म्हणत नाही असं समजू नका. ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, जागा आहे, दाता म्हणून अख्खी गाडी मिळालीय, आणि सहा महिने गाडी उभी राहिली तरी ज्याला चालेल, त्याच्याबरोबर मी आनंदाने काम करतो. माझ्या हातची सगळ्यांत समाधान देणारी गाडी अशीच झाली. १.३ च्या जागी त्याच मॉडेलचं १.६, गिअरबॉक्स, ब्रेक आणि स्प्रिंग १.६ च्याच. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. सात वर्षं झाली, मालक तीच चालवतोय आणि ऑइल बदलण्यापलीकडे माझ्याकडे येत नाही. त्या गाडीत काहीही बनवून लावावं लागलं नाही, हे तिच्या टिकण्याचं कारण मी मानतो.

तुमच्या बाबतीत, जे लिहिलंत त्यावरून, ते टर्बो इंजिन घेऊ नका. गाडी एकच, घरच्यांचा प्रवास तिच्यावर, इंजिन परक्या कंपनीचं आणि त्याचा इतिहास अपघाताचा. यातलं एकेक कारणही मला थांबवायला पुरलं असतं. कॉम्प्रेशन खराब निघालं तर आहे तेच इंजिन नीट बांधून घ्या. ते उतरेलच, तेव्हा क्लच, वॉटर पंप, टायमिंगचं काम आणि मागचं सील त्याच खर्चात उरकून घ्या. कॉम्प्रेशन चांगलं निघालं आणि बाकीचे दोष दूर करूनही गाडी कमी पडली, तर ही विकून याच मॉडेलची मोठ्या इंजिनाची गाडी शोधा. एवढ्याच पैशात बहुतेक ती जमेल, आणि ब्रेक तिला साजेसे कारखान्यातूनच लावलेले असतील. तुमच्या मॉडेलमध्ये मोठं इंजिन आलंच नव्हतं, तर दुसरं मॉडेल बघा.

या आठवड्यात कॉम्प्रेशनचे चारही आकडे घ्या, कोरडे आणि ऑइल टाकून, आणि कोणता सिलिंडर कोणता ते लिहून ठेवा. टायरच्या बाजूवर छापलेला साइजही टिपून ठेवा, दाराजवळच्या स्टिकरवरचा त्याच्याशी जुळतो का ते बघा. हे मला कळवलंत की गाडीचा दम कुठे गळतोय ते बरंचसं सांगता येईल. तोवर त्या गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.